कापडी पिशवीचे पुण्य

हवामानबदलावरील व्याख्यानाचा शेवट आता ठरून गेला आहे : ‘सुरुवात स्वतःपासून करा.’ कापडी पिशवी वापरा, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवा, अंगणात एक झाड लावा. श्रोते टाळ्या वाजवतात, वक्ता शाल स्वीकारतो (ती प्लास्टिकच्या वेष्टनातून येते, हा भाग वेगळा) आणि सर्वांचे मन हलके होते. हे हलके होणेच मला घातक वाटते.

कापडी पिशवी मीही वापरतो. काटकसर हा आपल्या वाडवडिलांचा स्वभावधर्मच होता. पण सदाचार निराळा आणि उपाय निराळा. 2020 साली टाळेबंदीने जगावर सक्तीचे वैराग्य लादले. विमाने जमिनीवर आली, रस्ते ओस पडले, कोट्यवधी माणसे घरात कोंडली गेली. त्या वर्षी कार्बन डायऑक्साइडचे जागतिक उत्सर्जन घटले ते सुमारे 5 टक्क्यांनी, आणि पुढच्याच वर्षी ते जवळजवळ पूर्वपदावर आले. उरलेला सारा धूर कोठून येत होता? वीजकेंद्रांतून, पोलादाच्या भट्ट्यांतून, सिमेंटच्या कारखान्यांतून. आपल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुका 1991 साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला आणि त्याच दशकात तेथे 500 मेगावॉटचे कोळशावरील वीजकेंद्र सुरू झाले. तो निर्णय कोणा गृहिणीने दिव्याच्या बटणाशी उभे राहून घेतला नव्हता.

‘कार्बन पदचिन्ह’ हा शब्द घरोघरी पोहोचवला कोणी? बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा त्यात मोठा वाटा होता. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला आत्मपरीक्षण करायला लावावे आणि आपण ते निमूटपणे करीत बसावे, याला भाबडेपणाखेरीज दुसरे काय म्हणावे?

पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालवण्याचे कौतुक केले आहे, हे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. त्याच परिपत्रकात पुढे, सामाजिक प्रश्न व्यक्तींच्या सत्कृत्यांच्या नुसत्या बेरजेने सुटत नाहीत, त्यासाठी समुदायाने संघटित व्हावे लागते, असेही म्हटले आहे. 2023 च्या ‘लाउदाते देउम’मध्ये त्यांनी मोठ्या राजकीय निर्णयांची निकड आणखी स्पष्ट केली. हे परिच्छेद प्रवचनांत सहसा येत नाहीत. दिवा मालवायला सांगितल्याने कोणी दुखावत नाही, हे त्याचे कारण असावे.

वसईकरांना तरी हे नव्याने सांगायला नको. टँकर आपल्या विहिरी उपसू लागले, तेव्हा एखाद्या बागायतदाराने स्वतःचा पंप तासभर कमी चालवून भूजल वाचणार नव्हते. म्हणूनच हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह माणसे रस्त्यावर उतरली. त्या लढ्याने सारे वाचले नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, मिठागरातील वस्तीला पुराने वेढले. त्या पुराला पाऊस जितका कारण, तितकेच बुजवलेले पाणथळ भागही.

तेव्हा येत्या पर्यावरणदिनी रोपे जरूर वाटा. पण मते मागायला जो कोणी दारात येईल त्याला, चहा देण्यापूर्वी, पाणथळ जमिनी, मिठागरे आणि कोळसा यांविषयी त्याचा पक्ष सभागृहात काय बोलला, हे विचारा. आणि हा प्रश्न एकेकट्याने नव्हे, सबंध गावाने मिळून विचारा.