ताबा किती वर्षांचा, त्याआधी ताबा कसा आला?



कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की आपल्या जिल्ह्यात दोन गोष्टींना जोर चढतो : लग्नाची बोलणी आणि वावराची भांडणं. पुसद असो, दिग्रस असो की उमरखेड, भांडणाचं वळण बहुधा एकच. अब्बांचा इंतकाल झाला, मुलं नागपूर-पुण्याला, वावर वीस वर्षं दुसऱ्याकडे बटईनं. मुलं परत आली की वाहणारा म्हणतो, “बारा वर्षं झाली, जमीन माझी.” वारस म्हणतात, “सातबारावर अब्बांचं नाव आहे, जमीन आमची.”

दोघांचंही ऐकीव ज्ञान अर्धवट असतं.

बारा वर्षांची गोष्ट १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातली आहे. मालकानं तेवढ्या काळात दावा केला नाही तर त्याचा हक्क बुडू शकतो. पण ताबा उघड, अखंड आणि मालकाचा हक्क झुगारून केलेला असावा लागतो. बटईदार दरवर्षी मालकाला वाटा देतो, म्हणजे मालकी मान्यच करतो. म्हणून कोर्ट वर्षं मोजण्याआधी विचारतं : तुम्ही आत आलात कसे?

गोव्यातल्या एका बहीण-भावाच्या खटल्यात हेच झालं. घर बहिणीचं, भाऊ ते सांभाळायला तिथं राहिला आणि पुढे ताबा सोडेना. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहिणीच्या बाजूनं निकाल दिला. राखणदार, नोकर किंवा मेहेरबानीनं राहणारा कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलं.

मात्र वारसांनीही घाई करू नये. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे. त्यानुसार १ एप्रिल १९६१ पासून पात्र कुळांकडे जमिनीची मालकी गेली. एखाद्या घराण्याची वहिवाट तेव्हापासूनची असेल, तर ‘घुसखोर’ म्हणण्याआधी तहसीलमधून जुने फेरफार काढून पाहा. अन् केवळ सातबारावरही विसंबू नका. त्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते, हे खरं. पण फेरफारानं मालकी जन्माला येत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे.

आता घरातलं बोलू. आपल्याकडे सगळ्यात जुना ताबेदार बहुतेक वेळा बाहेरचा नसतो, भाऊच असतो. अब्बांच्या माघारी तो वावर वाहतो, आणि वारस नोंदीत बहिणींची नावं राहून जातात किंवा त्यांच्याकडून हक्कसोड लिहून घेतली जाते. माहेर तुटेल या भीतीनं त्या गप्प बसतात. पण एका वारसाचा ताबा हा कायद्यानं सगळ्या वारसांचा ताबा धरला जातो. भावानं वीस वर्षं नांगर धरला, एवढ्यानं बहिणीचा हिस्सा विरघळत नाही. बहिणीला कळेल असा तिचा हक्क उघड नाकारला आणि त्यानंतर बारा वर्षं गेली, हे त्याला सिद्ध करावं लागतं. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे, तो भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही.

भावाच्या मेहनतीचाही हिशेब व्हावा. त्यानं विहीर खोदली असेल, सोसायटीचं कर्ज फेडलं असेल, तर ते वाटणीच्या वेळी मांडावं. मेहनतीचा मोबदला वेगळा आणि बहिणीचा हिस्सा वेगळा.

करायचं काय? घरातलं माणूस गेलं की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, आणि त्यात प्रत्येक बहिणीचं नाव घाला. बटईचं बोलणं वकिलाला विचारून कागदावर आणा, मिळालेल्या वाट्याची पावती ठेवा. हक्कसोडीवर सही करण्याआधी तो कागद बहिणीला नीट वाचून दाखवा, आणि विचार करायला तिला चार दिवस द्या. हे सगळं अम्मी हयात असताना उरकलं तर उत्तम. कोणाचा शब्द काय होता, हे सांगणारं माणूस तेव्हा घरात असतं.