दर सव्वाचार तासांनी ग्रहण: ‘यू जेमिनोरम’ तारा बाळापूरकरांच्या कामाचा का?

थंडीत संध्याकाळनंतर बाळापूरच्या पूर्व आकाशात पुनर्वसू नक्षत्र वर येते. त्यातील पोलक्स ताऱ्यापासून मुठीच्या रुंदीहून कमी अंतरावर ‘यू जेमिनोरम’ आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण सरासरी १०० दिवसांनी एकदा तो अचानक सुमारे १०० पट उजळतो. जॉन रसेल हाइंड यांनी १८५५ मध्ये तो शोधला. पुढच्याच वर्षी तो पुन्हा उजळलेला नॉर्मन पॉगसन यांनी पाहिला. हेच पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेत आले.

नेमके काय घडते?
हा एक तारा नसून जोडी आहे. एक अतिघन श्वेत बटू, दुसरा लालसर तारा. लाल ताऱ्याचा वायू खेचला जाऊन श्वेत बटूभोवती तबकडी तयार होते. वायू साचत गेला की तबकडी तापते आणि साठा वेगाने आत कोसळतो. यालाच ‘बटू नवतारा’ म्हणतात. खऱ्या नवताऱ्यातील अणुस्फोट इथे होत नाही.

ग्रहणाचा उपयोग काय?
मोठ्या दुर्बिणीतूनही हे तारे सुटे दिसत नाहीत. मात्र दर सव्वाचार तासांच्या फेरीत लाल तारा तबकडीचा काही भाग झाकतो. प्रकाश किती मिनिटे घटला, यावरून तबकडीचा आकार काढता येतो.

यात बाळापूर कुठे?
तारा कधी उजळेल, याची तारीख सांगता येत नाही. मोठ्या वेधशाळा रोज एकाच ताऱ्याकडे पाहू शकत नाहीत. त्यामुळे हे काम प्रामुख्याने हौशी निरीक्षक करतात. अशा ताऱ्यांच्या तेजाने उपकरण बिघडू नये म्हणून हबल दुर्बीण वळवण्यापूर्वीही त्यांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. उजळलेला ‘यू जेमिनोरम’ शाळेला परवडणाऱ्या लहान दुर्बिणीतून दिसतो. ग्रहण टिपायला मात्र आठ-दहा इंची दुर्बीण आणि कॅमेरा लागतो.

पण दोन्हींसाठी काळोख हवा. तालुक्याच्या गावांकडे तो अजून शिल्लक आहे. मात्र आकाशाकडे उजेड फेकणारा प्रत्येक उघडा एलईडी दिवा तो कमी करतो. नगरपरिषदेने नवे पथदिवे बसवताना उजेड फक्त रस्त्यावर पडेल, अशी झाकणे लावावीत. वीज वाचेल आणि गावातल्या मुलांना विज्ञानाच्या कामी येणारी नोंद गच्चीवरूनच करता येईल.