येळवस मोसंबीच्या बागेत

मार्गशीर्षातील अमावास्येला लातूर-धाराशिवकडची गावे ओस पडतात, कारण सारी माणसे शेतात असतात. ही वेळ अमावास्या, बोलीत येळवस. कडब्याची कोप उभारायची, तीत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, भज्जी, उंडे आणि ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग ती आंबील उभ्या पिकावर शिंपडायची. शेजारच्या बीदर, कलबुर्गीकडेही हा सण आहे. इंग्लंडात सॉमरसेट परगण्यातले लोक 17 जानेवारीला सफरचंदाच्या बागेत जमतात, झाडाच्या मुळाशी सफरचंदाची दारू ओततात आणि बंदुकीचे बार काढतात. म्हणजे हिवाळ्यात झाडापिकांना 'बरे असा' म्हणण्याची हौस केवळ आपलीच नव्हे.

आमच्या शहागडकडे, गोदाकाठच्या अंबड तालुक्यात, शेत म्हटले की पुष्कळदा मोसंबीची बाग असते. येळवस या बागांतूनही व्हावी, असे माझे मत आहे. मात्र विद्यार्थीमित्रांनो, तिला विज्ञानाचे खोटे बाशिंग बांधू नये.

हे बाशिंग कोणते, ते सांगतो. अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एकवटते, तिने समुद्राला उधाण येते, तर झाडातला रस का चढणार नाही, असे वर्गात हटकून विचारले जाते. प्रश्न चांगला आहे, उत्तर गणितात आहे. भरती येते ती ओढीमुळे नव्हे, तर ओढीतील फरकामुळे; आणि तो फरक जाणवतो पृथ्वीचा व्यास सुमारे 12,700 किलोमीटर आहे म्हणून. मोसंबीचे झाड तीन मीटरचे धरा. त्याच्या शेंड्यावर आणि बुंध्यावर पडणारा फरक झाडाच्या वजनाच्या दहा लाख कोटींव्या भागाइतकाही भरत नाही. शिवाय उधाण पौर्णिमेलाही तेवढेच येते. मग अमावास्येचेच कौतुक का?

आणखी एक गोष्ट पाहा. ही अमावास्या 2024 मध्ये 11 जानेवारीला आली, पुन्हा त्याच वर्षी 30 डिसेंबरला आणि नंतर 2025 मध्ये 19 डिसेंबरला. चांद्रवर्ष 354 दिवसांचे, त्यामुळे तिथी अशी मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. झाड काही तिथी पाहत नाही. ते थंडी आणि जमिनीतली ओल पाहते.

असे असूनही हा सण मला मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण बागेतच आहे. आंबे बहारासाठी याच सुमारास मोसंबीचे पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. वाढ थांबते, अन्न साठते आणि पुढे पाणी मिळाले की झाड फुलते. ताण कमी बसला तर फूल तुरळक येते, जास्त झाला तर झाडच जाते. हलक्या जमिनीला थोडे दिवस पुरतात, भारी काळीला जास्त लागतात. अशा वेळी घरातली सारी माणसे, म्हातारी आजी धरून, दिवसभर बागेत वावरली तर एरवी न दिसणाऱ्या गोष्टी कोणाच्या तरी नजरेस पडतात: बुंध्यावर ओघळलेला डिंक, एकाच फांदीची पिवळी पाने, सुकलेला शेंडा. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या. उरलेल्या झाडांची किंमत त्या घरांना विचारावी. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण मानांकनाने मुळे ओली होत नाहीत!

पांडवांना चुना लावून झाला की उरलेला फेकू नये. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट होते. ती बुंध्याला लावली तर डिंक्या रोगाला आळा बसतो. मोरचूद लोखंडी बादलीत मात्र भिजवू नका. तांबे बादलीवर चढेल, लोखंड विरघळेल. का, ते रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारा.

शिक्षकांना एक सुचवतो. आंबील शिंपडायला निघालेल्या मुलांबरोबर एक खुरपे आणि झाकणाचा डबा द्यावा. झाडाच्या घेराखाली वीतभर खोलीवरची मूठभर माती डब्यात बंद करून आणावी, लगेच तोलावी, पूर्ण वाळवून पुन्हा तोलावी. वजनातली घट ही मातीतली ओल; तिला कोरड्या मातीच्या वजनाने भागून शंभराने गुणावे. हलक्या आणि भारी रानातली माती वेगवेगळ्या डब्यांत आणावी, आणि डब्यावर शेताचे नाव लिहायला विसरू नये.