गाव शहरात आलं आणि सभा गेली

या गुरुवारी आमच्या भागात पाणी बंद होतं. देखभाल-दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवायचं आणि शुक्रवारी ते उशिरा, कमी दाबाने यायचं, याची पुणेकरांना सवय आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. राग आला तो वेगळ्या कारणाने. आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडून आले आहेत. चौघांचेही व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत आणि प्रचाराच्या दिवसांत आम्हा सगळ्यांचे नंबर न विचारता त्यांत घातले गेले. बुधवारी दिवसभर त्या ग्रुपांवर एका उद्घाटनाचे फोटो येत होते, पदाधिकाऱ्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा येत होत्या, रविवारच्या सत्काराचं निमंत्रण आलं. उद्या पाणी येणार नाही, हे कुणीही कळवलं नाही. गुरुवारी दुपारी एका ग्रुपवर सूचना आली, तोवर टाक्या रिकाम्या झाल्या होत्या. उलट विचारण्याची सोय नव्हती, कारण तिथे फक्त अॅडमिनलाच लिहिता येतं.

आमच्यासारख्या सोसायट्यांना टँकर मागवता येतो. मागच्या वस्तीत मात्र टाक्या नाहीत, पिंपं आणि हंडे आहेत. सकाळी सहाला कामाला निघणाऱ्या बायकांना आदल्या रात्री निरोप मिळाला असता, तर त्यांनी पाणी भरून ठेवलं असतं. एका ओळीचा निरोप होता तो.

 मूळ दुखणं या निरोपाच्याही मागचं आहे. नगरसेवक स्वतः रस्ता करत नाही, पाइप टाकत नाही, कचरा उचलत नाही. ती कामं प्रशासन करतं. नगरसेवकाला मिळते ती आतली खबर. सभेची कार्यपत्रिका, स्थायी समितीपुढचे विषय, अंदाजपत्रकातली तरतूद, कोणत्या रस्त्याची खोदाई कधी आणि किती दिवस, हे त्याला आपल्याआधी कळतं. ते प्रभागात आणून सांगणं आणि प्रभागाचं म्हणणं तिकडे नेऊन मांडणं, हे त्याचं पहिलं काम आहे. आपल्याकडे ते शेवटचं झालं आहे, आणि पुष्कळांना ते काम आहे हेच मान्य नाही.

हे शहरातच असं का, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. सिंहगड रस्त्याने वडगाव-धायरीच्या पुढे निघा. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही जून 2021 अखेरपर्यंत स्वतंत्र ग्रामपंचायतींची गावं होती. तेव्हा 23 गावं एकदम पुणे महापालिकेत आली. इमारती आधीच आल्या होत्या, लोकवस्ती वाढली होती, रस्ते अपुरे होते. समावेशाची मागणीही अनेकांची होती. गावांना शहराचं पाणी, सांडपाण्याच्या वाहिन्या, दिवे मिळतील, असं सांगितलं गेलं. त्या बदल्यात काय गेलं, याची चर्चा झाली नाही. गावांची ग्रामसभा गेली.

ग्रामसभा म्हणजे नुसती गावगप्पांची बैठक नव्हे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ती सरपंचावर बंधनकारक केली आहे. वर्षातून किमान चार सभा. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या आसपास होतात. आधी नोटीस लागते, दवंडी पिटली जाते, हल्ली देवळावरच्या भोंग्यावरून पुकारा होतो. सभेत ग्रामपंचायत अधिकारी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतो. जमाखर्च वाचला जातो, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी वाचली जाते आणि यादीतल्या नावावर तिथल्या तिथे हरकत घेता येते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पुरेसं कारण नसताना सरपंचाने सभा टाळल्या, तर त्याचं पद जाऊ शकतं. या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. लोकांना हिशेब सांगितला नाही तर पद जाईल, अशी धास्ती गावच्या सरपंचाला आहे.

ग्रामसभा अनेक ठिकाणी कागदावरच होतात, शिपाई घरोघर वही फिरवून सह्या घेतो, गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि नंतरच्या सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून दहा जणांत ती उरकली जाते, हे मला माहीत आहे. पण तिथे भांडायला जागा तरी आहे. खोटी सभा झाली तर गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, इतिवृत्ताची नक्कल मागता येते. अन् जिथे माणसं ती सभा मनापासून चालवतात, तिथे काय होतं हे हिवरे बाजारने दाखवलं आहे. पोपटराव पवारांच्या त्या गावात पावसाचं माप घेतलं जातं, विहिरींची पातळी पाहिली जाते आणि पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो. प्यायला किती, गुरांना किती, शेतीला किती उरतं, ते पाहून पुढची पिकं ठरतात. पाऊस कमी झाला तर कोणती पिकं घ्यायची नाहीत, हेही गावच ठरवतं. अहिल्यानगरच्या त्या पर्जन्यछायेतल्या गावात ऊस आणि केळी नकोत हा निर्णय टिकला, कारण आकडे सगळ्यांसमोर होते. मला नगरसेवकाकडून एवढंच हवं आहे : आकडा सांगा आणि त्यावर आम्हाला बोलू द्या.

आता नांदेड-किरकटवाडीकडे परत येऊ. ग्रामपंचायत गेली, सरपंच गेले. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. निवडणूक झाली ती थेट 15 जानेवारी 2026 ला. म्हणजे गाव शहरात आल्यापासून साडेचार वर्षं तिथे लोकांनी मत देऊन निवडलेला महापालिकेतला एकही माणूस नव्हता. जुना कारभार मोडला आणि नवा आलाच नाही.

नेमक्या त्याच काळात, जानेवारी 2025 मध्ये, गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण याच पट्ट्यात मोठ्या संख्येने आढळले. पुणे परिसरातला आकडा दोनशेच्या वर गेला, माणसं दगावली, कित्येक जण व्हेंटिलेटरवर होते. केंद्राचं पथक आलं. संशय दूषित पाण्यावर होता आणि चर्चेत आली ती नांदेड गावची विहीर. या गावांना जाणारं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येत नव्हतं, त्यात केवळ क्लोरिन टाकलं जात होतं, हे उभ्या शहराला तेव्हा कळलं. घरात लहान मूल आजारी असलेल्या आईने पाण्याबद्दल नेमकं कोणाला विचारायचं होतं? तिच्या गल्लीत यायला, तिला उत्तर द्यायला बांधलेला कुणी नव्हता. वर्तमानपत्रात आयुक्तांचं आवाहन आणि टीव्हीवर पाणी उकळून पिण्याचा सल्ला, एवढ्यावर तिला भागवावं लागलं.

नगरसेवक असता तर साथ आली नसती, असं मी म्हणत नाही. पण त्या विहिरीचा प्रश्न ग्रामसभेत वर्षातून चारदा उठवता आला असता आणि मिळालेलं उत्तर वहीत लिहावं लागलं असतं. साथ येण्याची वाट पाहावी लागली नसती. शहराने त्या गावांकडून हा हक्क काढून घेतला आणि त्या जागी काही दिलं नाही, हे माझ्या लेखी फार मोठं पाप आहे.

शहरांसाठी कायदाच नाही, असंही नाही. 2009 साली महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभा आणली. ‘नगरराज’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. काही मतदान केंद्रांचं मिळून एक क्षेत्र, तिथले सगळे मतदार सभासद, अध्यक्ष त्या भागाचा नगरसेवक. ग्रामसभेचीच शहरी बहीण. पण तिच्या बैठकी कुणी मनावर घेतल्या नाहीत. सगळ्याच पक्षांनी तिच्याकडे पाठ फिरवली, कारण दर थोड्या महिन्यांनी लोकांसमोर उभं राहून ‘स’ यादीतला, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांचा, निधी कुठे खर्च केला हे सांगणं कुणालाच नको असतं. बाकडी किती बसवली, नामफलक किती लावले, त्याच पैशात पावसाळी गटार का झालं नाही, हे प्रश्न सत्काराच्या व्यासपीठावर येत नाहीत. सभेत येतात.

एक प्रभाग एक नगरसेवक हा माझा जुना हेका आहे, तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, 2007 मध्ये एकाचा, 2012 मध्ये दोघांचा, 2017 मध्ये चौघांचा आणि आता, एक पाच जणांचा प्रभाग सोडला तर, पुन्हा चौघांचा. मुंबईत मात्र एका प्रभागाला एक नगरसेवक. आमच्याकडे 165 नगरसेवक आहेत, पण प्रभाग 41. पाणी बंद असल्याचं सांगायचं चौघांपैकी कुणी? चौघांनाही वाटतं दुसरा सांगेल. उद्घाटनाला मात्र चौघांचेही फोटो लागतात. एक प्रभाग एक नगरसेवक केल्याने सगळं सुधारेल असा दाखला माझ्याकडे नाही, तरी दार कुणाचं ठोठावायचं हे निदान कळेल. ही पद्धत मतदारांच्या सोयीसाठी बदलली जात नाही, पक्षांच्या गणितासाठी बदलली जाते, हे माझं मत कायम आहे.

कुणी म्हणेल, नवे नगरसेवक आहेत, काही महिनेच झाले आहेत, त्यांना वेळ द्या. कामासाठी जरूर द्यावा. सांगायला मात्र वेळ लागत नाही. क्षेत्रीय कार्यालयातून पाणी बंदची सूचना घ्यायची, ग्रुपवर टाकायची, वस्तीतल्या चौकात फळ्यावर खडूने लिहायची, कचरा गोळा करणाऱ्या घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगायची. यासाठी ठराव लागत नाही, निधी लागत नाही. आणि ग्रुपवर लोकांना लिहू द्यायचं. लोक चिडून लिहितील, काही जण वाकडंही लिहितील. ते वाचणं पदाचा भाग आहे.

येत्या 1 मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरतील. शहरातल्या वाचकांना माझी विनंती आहे : त्या आठवड्यात आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना लेखी पत्र द्या आणि क्षेत्रसभा कोणत्या तारखेला, कुठे घेणार ते विचारा. पत्राची पोच घ्या. प्रत क्षेत्रीय कार्यालयात द्या. नांदेड, किरकटवाडी, खडकवासल्याच्या वाचकांनी तर हे पहिल्यांदा करावं, कारण सभेत उभं राहून विचारायचं कसं हे तुम्हाला आम्हा शहरवाल्यांपेक्षा जास्त माहीत आहे.