कमी दराचा ठेका कोणाच्या घामावर?

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे असो की मलकापूर-नांदुऱ्याकडचे एखादे गाव, ग्रामीण भागाला आता ‘कंपनी’ हा शब्द नवीन राहिलेला नाही. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याचा मार्ग मोकळा झाला. कापूस, सोयाबीन, मका पिकविणाऱ्या या पट्ट्यात अशा कंपनीला पहिली गरज पडते ती गोदामाची आणि शेडची. बांधकाम आले की ठेकेदार आलाच. आणि ठेकेदार निवडायची वेळ आली की बैठकीत तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. ज्याचा दर कमी, त्याला द्या. अनुभवी माणूस पाहा. आणि तो आपल्या विश्वासातला असावा.

ही वाक्ये इतकी साधी वाटतात की त्यांना कोणी हरकत घेत नाही. परंतु या देशात जे जे ‘साधे व्यवहारज्ञान’ म्हणून सांगितले जाते, ते तपासून घ्या, असेच फुले-आंबेडकरी चळवळीने आपल्याला शिकविले आहे. म्हणून ही तिन्ही वाक्ये तपासली पाहिजेत.

पहिले वाक्य कमी दराचे. सिमेंट, सळई, खडी, वाळू यांचे भाव बाजार ठरवतो. ते सर्व ठेकेदारांना जवळपास सारखेच पडतात. मग एकाचा दर इतरांपेक्षा फारच खाली कसा येतो? त्याने नफा कमी धरला असेल, यंत्रे स्वतःची असतील, ही प्रामाणिक कारणे झाली. त्यापुढची काटछाट दोनच ठिकाणी होऊ शकते, मालात किंवा मजुरीत. मालातली काटछाट चार पावसाळ्यांनी भिंतीला तडे गेल्यावर दिसते. मजुरीतली काटछाट कोणालाच दिसत नाही. बाईमाणसाला पुरुषापेक्षा कमी रोज, उंचीवर चढणाऱ्याला ना पट्टा ना हेल्मेट, आणि काम संपताना शेवटच्या हप्त्याची बुडवाबुडवी, या सगळ्यातून तो ‘स्वस्त’ दर तयार होतो. कंपनीचे वाचलेले पैसे म्हणजे अनेकदा मजुराचे बुडालेले पैसे असतात.

आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना घेऊन जाणारा सळयांनी भरलेला टिप्पर उलटला आणि १३ मजूर ठार झाले. माणसे आणि लोखंड एकाच टिप्परमध्ये भरले जातात, तेव्हा माणसाच्या जिवाची किंमत हिशेबात कोठे धरली जाते? मजुरांची सुरक्षित ने-आण हा खर्च आहे. निविदेत त्याचा वेगळा रकाना नसेल, तर तो वाचविण्याचाच मोह प्रत्येक ठेकेदाराला होणार.

दुसरे वाक्य अनुभवाचे. गेल्या काही वर्षांची उलाढाल दाखवा, एवढ्याच रकमेचे पूर्ण केलेले काम दाखवा, अशी अट असते. ज्याला कधी काम दिलेच नाही, त्याने अनुभव आणायचा कोठून? २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात शिक्षण आणि नोकऱ्यांबरोबरच सरकारी ठेक्यांचा प्रश्न त्यांनी मांडला होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या यादीतील हजारावर ठेकेदारांत अनुसूचित जातीचा फक्त एक, हे त्यांनी सरकारच्या नजरेस आणून दिले. नोकरीतील आरक्षण आपल्या लक्षात राहिले, ठेक्यांचा प्रश्न मात्र चळवळीच्या व्यासपीठावरून मागे पडला.

वास्तवात भिंत रचतो गवंडी, साचे लावतो सेंट्रिंगवाला, सळई बांधतो फिटर. ठेकेदाराच्या नावावर अनुभव जमा होतो आणि ज्याच्या हाताने इमारत उभी राहिली, तो वीस वर्षांनंतरही ‘मिस्त्री’च राहतो. अनुभव पाहायचाच असेल तर कागदाबरोबर हातही पाहा. पाच वर्षांपूर्वी त्या मिस्त्रीने बांधलेले घर आज कसे उभे आहे, ते जाऊन बघा.

तिसरे वाक्य विश्वासाचे, आणि सर्वांत फसवे. आपल्याकडे विश्वास हा सोयरीक, गोतावळा आणि पंगत यांतून तयार होतो. ज्याच्या घरी आपण जेवत नाही, तो आपल्या ‘विश्वासातला’ कसा होणार? जात न उच्चारता जात पाळण्याची ही आधुनिक रीत आहे. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेके घेत असत. इंजिनिअर खात्यातील लूट त्यांनी पवाड्यातून मांडली, ती त्या व्यवहाराच्या आतून पाहून. मुंबईतील तेलुगू समाजातले ठेकेदार सत्यशोधक समाजाचे आधारस्तंभ झाले. ठेका आणि सामाजिक परिवर्तन यांचे नाते आपल्याला परके नाही.

अमेरिकेतील अटलांटा शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी १९७०च्या दशकात विमानतळाच्या बांधकामात अल्पसंख्याक समूहांच्या कंपन्यांना सुमारे चौथा हिस्सा मिळालाच पाहिजे, असा आग्रह धरला. काम रखडेल, खर्च वाढेल, दर्जा घसरेल अशी ओरड झाली. जॅक्सन हटले नाहीत. १९८० साली ते विमानतळ वेळेत आणि ठरलेल्या खर्चात उभे राहिले.

याचा अर्थ आपल्या जातीचा ठेकेदार नेमला की क्रांती झाली, असा नाही. निळा झेंडा लावलेल्या गाडीतून येऊन मजुरी बुडविणारा ठेकेदारही शोषकच. आपली मागणी माणूस बदलण्याएवढी लहान नाही, निवडीची पद्धत बदलण्याची आहे.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. ‘ठेका दिला, आता मजुरांशी आमचा संबंध नाही,’ असे कंपन्या समजतात. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच हा बचाव नाकारला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही, नेमणाऱ्याने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी आस्थापनेच्या मालक कंपनीवर टाकली आहे.

उत्पादक कंपनीत शेअर कितीही असोत, प्रत्येक वैयक्तिक सभासदाला मत एकच. आपल्या समाजातील जे अल्पभूधारक अशा कंपनीचे सभासद आहेत, त्यांनी हे मत मुकाट्याने हात वर करण्यासाठी वापरू नये. सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारावे. सर्वात कमी दर कशातून कमी झाला? मजुरीचा आणि सुरक्षेचा खर्च वेगळा दाखविला आहे काय? मजुरी बँक खात्यात जमा होईल काय? कामाचे लहान भाग पाडून गावातील मिस्त्रींना थेट देता येतील काय? थोडी उचल दिली तर भांडवल नसलेला कुशल माणूस पुढे येईल काय? आणि या सर्व प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.

त्या सभेत विटा वाहणारी भूमिहीन बाई नसते. तिला मत नाही, शेअर नाही. तिच्या वतीने बोलणारा एक तरी सभासद त्या सभेत उभा राहिला पाहिजे.