गुण नकोत, मत द्या

पाश्चात्त्य पॉप आणि रॉक संगीताच्या समीक्षेविषयी या त्रैमासिकात कोणी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ख्याल, नाट्यपद आणि भावगीत यांवर पोसलेल्या आपल्या घरांतून त्या संगीताची संभावना आजवर बहुधा 'गोंगाट' या एकाच शब्दाने झाली आहे. परंतु तो गोंगाट ऐकतच आपल्या दोन पिढ्या वाढल्या, आणि त्याच्याभोवती गेल्या साठ वर्षांत समीक्षेची एक भक्कम परंपरा उभी राहिली. ती परंपरा आता खचत आहे. ती का खचली हे पाहणे आपल्या हिताचे आहे, कारण तिला जडलेला रोग आपल्या सभागृहांतही मुक्कामाला आहे. माझे प्रतिपादन थोडक्यात असे की, चुकलेले परंतु कारणांसह आणि स्वतःच्या नावानिशी दिलेले मत कलेला उपकारक ठरते. उलट कारणाविना केलेली स्तुती, मग ती आकड्यांत असो वा विशेषणांत, कलेची हानीच करते.

आरंभ चुकांपासूनच करू. बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम १९६७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा सर्वत्र जयजयकार चालला होता. त्याच जून महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या विशीतल्या समीक्षकाने त्याविरुद्ध लिहिले. ध्वनिमुद्रणगृहातील करामतींच्या झगमगाटात मूळ गीतरचना दुबळी झाली आहे, असा त्याचा आक्षेप होता. वाचकांनी त्याच्यावर निषेधाच्या पत्रांचा भडिमार केला. पुढे १९६९ च्या मार्चमध्ये 'रोलिंग स्टोन'मध्ये जॉन मेंडेलसन याने लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमची अशीच झडती घेतली. जेफ बेकच्या चमूने आधीच जे केले होते त्याहून या मंडळींनी फारसे वेगळे काही दिलेले नाही आणि त्यांची गीते कल्पनाशून्य आहेत, असा त्याचा निर्वाळा होता. याच 'रोलिंग स्टोन'ने २००३ साली सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांची यादी केली, तेव्हा तो अल्बम एकोणतिसाव्या स्थानी विराजमान झाला!

असे दाखले पुढे करून समीक्षेची टवाळी करणे सोपे आहे. 'पाहा, समीक्षकांना काही कळत नाही. काळ आणि लोकच काय तो निवाडा करतात', हे वाक्य आपणही अनेकदा ऐकतो. हा युक्तिवाद मला मान्य नाही. समीक्षक हा काही ज्योतिषी नव्हे की, त्याचे भाकीत खरे ठरले तरच त्याची विद्या खरी मानावी. गोल्डस्टीनने विचारलेला प्रश्न, म्हणजे तंत्राची श्रीमंती रचनेचे दारिद्र्य झाकू शकते काय, हा आजही तितकाच जिवंत आहे. जो श्रोता त्या अल्बमवर जीव टाकतो, त्यालाही हा आक्षेप वाचून आपली आवड तपासून घ्यावी लागते. शिवाय काळाचा निवाडा तरी कुठे स्थिर आहे? २००३ आणि २०१२ च्या यादीत हाच 'सार्जंट पेपर' प्रथम क्रमांकावर होता. २०२० च्या यादीत तो चोविसावा झाला आणि मार्विन गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिल्या स्थानी आला. क्रमांक बदलले, आक्षेपामागील तर्क मात्र जसाच्या तसा वाचता येतो आणि खोडूनही काढता येतो. आकड्याशी वाद घालता येत नाही, ही त्यातली मेख आहे.

आणि नेमका आकडाच या समीक्षेच्या मुळावर आला. त्याचा उगम जुना आहे. रॉबर्ट क्रिस्टगौ याने १९६९ पासून न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मधून अल्बमांना शाळेतल्यासारख्या अक्षरश्रेणी देण्यास आरंभ केला. परंतु त्या श्रेणीबरोबर येणारा चार-सहा ओळींचा परिच्छेद इतका धारदार असे की, श्रेणी विसरून वाचक तो परिच्छेदच लक्षात ठेवीत. पुढे हे प्रमाण उलटले. शतकाच्या अखेरीस नावारूपाला आलेल्या 'पिचफोर्क'ने शून्य ते दहा या मापपट्टीवर दशांश चिन्हासह गुण देण्याची प्रथा रूढ केली. २००० साली रेडिओहेडच्या 'किड ए'ला पैकीच्या पैकी दहा मिळाले. लिझ फेअरच्या २००३ मधील अल्बमला शून्य मिळाले. एखादे गीत ७.८ योग्यतेचे आहे आणि ७.९ योग्यतेचे नाही, हे कोणत्या तराजूवर ठरते? पंचवीस वर्षे पूर्ण झाल्यावर, २०२१ साली, याच नियतकालिकाने एकोणीस अल्बमांचे गुण फेरतपासणी करून बदलले. डाफ्ट पंकच्या 'डिस्कव्हरी'चे ६.४ होते, त्यांचे १० झाले. लिझ फेअरच्या शून्याचे सहा झाले. मत बदलण्यास माझी हरकत नाही, ते जिवंतपणाचे लक्षण आहे. परंतु ज्या दशांशाचा एवढा तोरा मिरवला, त्याची अचूकता किती पोकळ होती याची ही जाहीर कबुलीच नव्हे काय?

याहून मोठा अनर्थ २००१ साली सुरू झालेल्या 'मेटाक्रिटिक'ने केला. निरनिराळ्या समीक्षकांची मते गोळा करून त्यांची शंभरपैकी सरासरी काढायची आणि एकसष्टच्या वर गेली की हिरवा रंग लावायचा, असा हा कारखाना आहे. ज्या समीक्षकाने स्वतः गुण दिलेलेच नाहीत, त्याच्या लेखालाही तेथे गुण चिकटवले जातात. दहा जणांनी दहा वेगळ्या कारणांनी मांडलेले मतभेद सरासरीत विरघळून जातात आणि उरते ती एक निरुपद्रवी हिरवळ.

शासकीय सेवेत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हा प्रकार परिचित वाटेल. कर्मचाऱ्याच्या गोपनीय चरित्रावलीत श्रेणी लिहिताना वरिष्ठाला एक साधा हिशेब कळलेला असतो. वरची श्रेणी दिली तर कोणी कारण विचारीत नाही. खालची दिली तर खुलासे, अभ्यावेदने आणि वैर पदरी येते. परिणामी सगळेच उत्तम ठरतात आणि खरोखर उत्तम काम करणाराच त्या गर्दीत हरवतो. समीक्षेचेही हेच झाले आहे.

या भित्रेपणाला एक सोज्ज्वळ कारणही लाभले. २००४ साली केलेफा सॅने यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणारा तेवढा अस्सल आणि नृत्यगीते वा लोकप्रिय गाणी गाणारे सगळे सवंग, हा समीक्षकांचा पूर्वग्रह त्यांनी उघडा पाडला. या पूर्वग्रहाखाली स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलावंत अधिक भरडले जात, हे त्यांचे म्हणणे यथार्थ होते. परंतु 'लोकप्रिय म्हणून हिणवू नका' याचा अर्थ पुढे 'लोकप्रियांना काही बोलू नका' असा झाला. समीक्षेची धार कुठे गेली, हा प्रश्न २०२५ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये याच सॅने यांना विचारावा लागला, हे पुरेसे बोलके आहे.

ही धार बोथट करण्यात चाहत्यांच्या झुंडींचाही वाटा आहे. एप्रिल २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' आला तेव्हा 'पेस्ट' या नियतकालिकाने त्यावरील प्रतिकूल परीक्षण लेखकाच्या नावाविना छापले. २०१९ साली याच गायिकेच्या 'लव्हर'वर लिहिणाऱ्यास हिंसेच्या धमक्या आल्या होत्या, असे कारण त्यांनी दिले. गोल्डस्टीनला पत्रे आली, पण नाव लपवावे लागले नाही. एका गाण्याच्या अल्बमवर मत द्यायला अनामिक व्हावे लागते, ही साठ वर्षांची 'प्रगती' होय. त्याच वर्षी जानेवारीत 'पिचफोर्क'च्या मालकांनी ते नियतकालिक 'जीक्यू' या पुरुषांच्या फॅशनविषयक मासिकाच्या छत्राखाली नेले आणि अनेकांना घरी पाठवले. ज्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही, त्याच्यावाचून कोणाचे अडतही नाही.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आपल्या मंडळांच्या मैफलींचे वृत्तांत काढून पाहावेत. गायकाने रसिकांना मंत्रमुग्ध केले, तबलासाथ समर्पक होती, संवादिनीने रंगत वाढवली, भैरवीने सांगता झाली. मैफल कोणतीही असो, मजकूर तोच! आपण दशांशात गुण देत नाही, इतकाच काय तो फरक. 'आपली माणसे मोजकी, परमुलखात राहायचे, कशाला कोणाला दुखवा?' हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. त्यामागची आपुलकी मला कळते. परंतु परमुलखात चार पिढ्या टिकून राहिलेल्या समाजाला ज्या गोष्टीची सर्वाधिक गरज असते ती म्हणजे अभिरुची, आणि ती मौनावर पोसली जात नाही. प्रत्येक गाणे छानच होते असे जी मुले ऐकत वाढतात, त्यांना छान म्हणजे काय हे कोण सांगणार? ती आपल्या मैफलीकडे पाठ फिरवतात, यात त्यांचा दोष किती आणि आपला किती?

आपल्याकडे याहून चांगला वारसा आहे. वामनराव देशपांडे यांचे 'घरंदाज गायकी' हे पुस्तक १९६१ साली प्रसिद्ध झाले. वामनराव व्यवसायाने सनदी लेखापाल होते, म्हणजे त्यांचे सारे आयुष्य आकड्यांत गेले. तरीही कोणत्याही घराण्याला त्यांनी दहापैकी गुण दिले नाहीत. स्वर आणि लय यांचे नाते प्रत्येक घराण्यात कसे बदलते, हे त्यांनी उलगडून दाखवले. त्यांचे निष्कर्ष कित्येकांना पटले नाहीत. पण ज्यांना पटले नाहीत त्यांनाही कारणे द्यावी लागली. समीक्षेकडून याहून अधिक काय हवे?

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती परक्या रॉक-समीक्षकांना जितकी लागू तितकीच आपणांस. परीक्षण लिहिणाऱ्याने काय ऐकले ते नेमके सांगावे. जे उणे वाटले ते, का उणे वाटले यासह, निदान एक तरी सांगावे. खाली आपले नाव लिहावे. उद्या तो चुकला असे ठरले तर ठरो. आणि ज्याच्याविषयी लिहिले असेल त्याने रुसून न बसता याच पानांवर उत्तर द्यावे. पुढील मैफलीचा वृत्तांत या कसोटीवर उतरणारा असावा, एवढी अपेक्षा संपादक मंडळाकडून करणे अवाजवी ठरू नये.