कोटणीसांच्या वाटेवरचे विमान

खंडेनवमीला सोलापुरातल्या यंत्रमागांना झेंडूच्या माळा चढतात, त्याच सुमारास दोन तारखा जवळजवळ येतात. ८ ऑक्टोबर हा वायुसेना दिन आणि १० ऑक्टोबर ही आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची जयंती. पहिल्या दिवशी लढाऊ विमानांच्या कसरती आपण डोळे भरून पाहतो. पण या दोन दिवसांना खऱ्या अर्थाने जोडते ते मालवाहू विमान.

१९३८ मध्ये कोटणीस वैद्यकीय मदतीसाठी चीनला निघाले ते मुंबईहून बोटीने. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधले वुहान करोनाच्या साथीने वेढले गेले, तेव्हा वायुसेनेचे सी-१७ ग्लोबमास्टर सुमारे १५ टन वैद्यकीय साहित्य घेऊन तिथे उतरले आणि ११२ जणांना घेऊन परतले. त्यांत ३६ परदेशी होते. पुढच्या वर्षी प्राणवायूसाठी आपलाच जीव कासावीस झाला, तेव्हा याच जातीच्या विमानाने पुण्याहून रिकामे टँकर भरून आणण्यासाठी जामनगरला पोचवले. भरलेला टँकर आकाशातून नेणे धोक्याचे. म्हणून जाताना विमान आणि येताना रस्ता किंवा रेल्वे. शेपटीखालचा दरवाजा उतरण होऊन जमिनीला टेकतो आणि अख्खा ट्रक आपल्याच चाकांवर आत शिरतो. पंख पाठीवर असल्याने पोट जमिनीलगत राहते. ही रचना रणगाड्यासाठी योजलेली, पण टँकरलाही तितकीच सोयीची.

अशी सत्तर टनांहून अधिक भार पेलणारी विमाने आपल्याकडे ११च आहेत, आणि बोइंगने त्यांचे उत्पादन २०१५ मध्येच थांबवले. आता पैसे मोजूनही नवे मिळणार नाही. सोव्हिएत बनावटीची आयएल-७६ विमाने १९८५ पासून राबत आहेत. म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये वडोदऱ्यात टाटा आणि एअरबसचा कारखाना सुरू झाला, ही घटना आपल्याला मोलाची वाटते. जुन्या ॲव्रो विमानांच्या जागी येणाऱ्या ५६ सी-२९५ विमानांपैकी ४० तिथे घडणार आहेत. ती ५ ते १० टन भार पेलणारी. ग्लोबमास्टरच्या पंगतीला बसायला वेळ लागेल. ॲव्रोही कानपूरला साठच्या दशकात आपण बांधले होते, पण परवान्यावर शिकलेली ती विद्या पुढे स्वतःच्या मोठ्या विमानापर्यंत गेली नाही. असा खंड पुन्हा पडू नये. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कुणाला या अवघड, सावकाश फळणाऱ्या कामाची ओढ लागली, तर लवकर मिळणाऱ्या नोकरीचा धोशा आपण घरच्यांनी त्यांच्यामागे लावू नये.